उंबर फोडून केंबरं

चौथीला वाक्प्रचार शिकवत होते. 'उंबराचे फूल असणे – अतिशय दुर्मिळ असणे.' फळ्यावर लिहिलं, पोरांनी उतरवून घेतलं. बावीस वर्षं मी हे असंच लिहीत आलेय. तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला, "बाई, फूलच येत नाही तर उंबर कशाचं होतं?"

उत्तर मला अर्धंमुर्धं ठाऊक होतं. फूल आत असतं, असं डीएडला असताना कधीतरी वाचलेलं. तेवढं सांगून टाकलं असतं तर दहा सेकंदांत विषय मिटला असता. नाही सांगितलं, पण त्यात माझं काही शहाणपण नव्हतं. खिचडीची घंटा झाली, बस. जेवताना मात्र पोरं उंबरावरच भांडत बसली. एकाचं म्हणणं, फूल रात्री येतं आणि सकाळी गळतं. एकीच्या आजीने सांगितलेलं, ते ज्याला दिसेल तो राजा होतो. एक जण म्हणाला, उंबराला फूल लागतच नाही, ते थेट खोडातून फुटतं, मुरमासारखं. हे ऐकून मी भात गिळायची थांबले. इतकी वर्षं रोज ते झाड बघतेय, पण उंबरं फांदीच्या टोकाला न येता जाड खोडाला लगडतात, याचं मला कधी नवल वाटलं नव्हतं.

झाड शाळेमागे, ओढ्याच्या कडेला, दत्ताच्या घुमटीपाशी. दुसऱ्या दिवशी गेलो. खिचडीवाल्या मावशींची सुरी आणि शाळेचं एकुलतं एक भिंग एवढाच सरंजाम. पहिली चूक माझीच. लालबुंद पिकलेली उंबरं गोळा करायला लावली. फोडली तर आत गर, बारीक बिया, चार मुंग्या. पोरांचे चेहरे पडले. मेंढ्या राखणाऱ्या घरचा एक पोरगा, वर्गात तोंड न उघडणारा, म्हणाला, "बाई, पिकलं म्हणजे संपलं. कच्चं फोडा."

कच्चं फोडलं. आतल्या पोकळीच्या भिंतीला चहूबाजूंनी तंतूंसारखं बारीक काहीतरी खचाखच उभं. भिंगातून पाहिलं, मग मोबाइलच्या कॅमेऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून पाहिलं (ही युक्ती करून बघा, फुकटचं सूक्ष्मदर्शक होतं). ती फुलं होती. एका उंबरात शेकड्यांनी. म्हणजे उंबर हे फळ नव्हेच. फुलांचा अख्खा गुच्छ आत ठेवून तोंड शिवलेली ती पिशवी.

एवढ्यात घुमटीतले आबा आले. "बाई, देवाचं झाड आहे हे." मी ओशाळले. पण पोरांचं कोंडाळं पाहून तेही वाकले आणि म्हणाले, "केंबरं, म्हणजे आतले बारीक किडे, बघायची असतील तर आठ दिवस थांबा. रंग पालटायच्या बेतात असलेलं तोडा."

आठ दिवस! आजवर मी कुठल्याही प्रश्नाला आठ मिनिटंसुद्धा दिली नव्हती. दरम्यान पोरं रोज झाडाखाली जाऊन रंग तपासत होती, आणि एरवी मधल्या सुट्टीनंतर त्यांना वर्गात ओढून आणावं लागतं.

नवव्या दिवशी फोडलेल्या उंबरातून तिळापेक्षा बारीक काळसर माश्या भिरभिरत बाहेर पडल्या, आणि आत बिनपंखांचे पिवळट किडे सरपटत राहिले. मग मी वाचून काढलं, पोरांना सांगितलं. बिनपंखांचे ते नर. आधी तेच जन्मतात, माद्यांशी मीलन करतात, उंबराच्या सालीला भोक पाडून त्यांना वाट करून देतात आणि आतच मरतात. मादी अंगावर पराग घेऊन उडते आणि दुसरं कच्चं उंबर गाठते. देठाच्या विरुद्ध टोकाला बारीकसं तोंड असतं, तिथून ती आत घुसते. वाट इतकी अरुंद की पंख तुटून पडतात. आत काही फुलांत अंडी घालते, बाकीच्यांना पराग देते आणि संपते. या माश्यांवाचून उंबराची बी धरत नाही, उंबरावाचून या माश्यांना जन्मायला जागा नाही. "उंबर फोडून केंबरं काढू नयेत," असं आपली भाषा बजावते. म्हणजे झाकली मूठ झाकलेलीच ठेवावी. संसारात ठीक आहे. वर्गात हा सल्ला मी इतकी वर्षं न कळत पाळत होते, हे जरा लागलं.

त्या पंधरवड्यात आणखी एक गंमत झाली. झाडाखाली बसल्या बसल्या मी सहज त्यांच्याकडून मिलीमीटर-सेंटीमीटर करून घेतलं होतं, कुणाची केंबरं किती लांब म्हणून. सहामाहीला ते सगळ्यांना पाठ. नंतर वाचनात आलं की कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये असंच काहीसं तपासलं होतं. लोकांना कोड्यासारखे प्रश्न विचारायचे, उत्तर यायच्या आधी मध्येच एक अनोळखी चेहरा दाखवायचा. ज्या प्रश्नांची उत्सुकता जास्त, त्यांची उत्तरं जास्त लक्षात राहिलीच. पण त्या वाट पाहण्याच्या वेळात दिसलेले, प्रश्नाशी काडीचा संबंध नसलेले चेहरेही जास्त लक्षात राहिले. आमचे मिलीमीटर बहुधा अशा उघड्या दारातून आत शिरले असावेत.

तेव्हापासून वर्गात फार काही बदललं नाही, नवीन उपक्रम वगैरे म्हणाल तर नाहीच. फक्त प्रश्न आला की आधी प्रत्येकाचा अंदाज फळ्यावर लिहिते, चुकीचाही, आणि पुसत नाही. एकदा अंदाज नावासकट लिहिला गेला की पोराला उत्तराची तहान लागते, कारण आता इज्जतीचा प्रश्न असतो. नारळीकर सर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. एका पोस्टकार्डाइतकी कल्पना, पण त्यात आधी प्रश्न शोधावा लागतो, तीच गोम आहे. आमच्या पोरांना सुरुवातीला तेच जमेना. "काहीही विचारा" म्हटलं की सगळे गप्प. हातात उंबर दिलं की थांबत नाहीत. थोडं दिसलं, थोडं कळलं की मगच उरलेलं टोचायला लागतं. कोऱ्या डोक्याला कसली खाज सुटणार?

वेळ जातो, हे खरं आहे. अभ्यासक्रमात मी दोन पाठ मागे पडले आणि त्यावरून ऐकूनही घेतलं.

सहामाहीच्या पेपरात एक गुणाला तोच वाक्प्रचार होता. मेंढ्यांवाल्या पोराने अर्थ लिहिला होता, 'आत असणे.' लाल पेनाने शून्य दिलं. परीक्षेत चूक ती चूक. तो पेपर अजून माझ्या कपाटात आहे, घरी पाठवला नाही.

सध्या भिंतीवरच्या कागदावर नवा प्रश्न आहे, त्या पहिल्या खिचडीच्या दिवशीचाच: उंबर खोडाला का लागतं? खाली अंदाज आहेत. 'वटवाघळांना बरं पडावं म्हणून.' 'फांद्या वाकतील म्हणून.' 'फणसाचं बघून.' या तिसऱ्यावर सगळे हसले, पण फणस आणि उंबर खरंच एकाच कुळातले. माझ्या नावापुढची जागा कोरी आहे. दोघींनी परवापासून तीनदा विचारलंय, बाई, तुमचा अंदाज कधी लिहिताय?