तुम्ही विचारलंत म्हणून: विज्ञान शब्द फिरवतं का?

पालकसभेत, लग्नात, परवा तर म्हापशाच्या बाजारात केळी घेताना पण, कोणी ना कोणी विचारतंच, "मॅडम, विज्ञान आज एक सांगतं, उद्या दुसरं, मग विश्वास ठेवायचा कशावर?" तीस वर्षं शिकवतेय, दरवेळी घाईत काहीतरी सांगून सुटले. आज नीट सांगते.

चूक सापडली की कबूल करणं म्हणजे शब्द फिरवणं नव्हे. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे ना, लोकांना संमोहनाची झोप लावणारा, आपल्या कांदोळीचा माणूस. त्याच्या आधी मेस्मर नावाचा डॉक्टर म्हणायचा की उपचार करणाऱ्याकडून कसलातरी अदृश्य प्रवाह रोग्यात शिरतो. फारिया म्हणाला, काही शिरत नाही, जे होतं ते झोपणाऱ्याच्याच मनात होतं, आणि 1813 ला पॅरिसमध्ये लोकांसमोर प्रयोग करून दाखवले. पुतळ्यात मात्र तो बाईवर हात रोखून उभा आहे, बघणाऱ्याला वाटावं शक्ती त्याच्या हातातूनच जातेय.

पण हे दुसऱ्यांचं झालं. माझ्या बाबांचं सांगते.

बाबांना अल्सर होता. 1989 ला मी नुकतीच बीएस्सी झालेली, घरात माझा शब्द शेवटचा. पुस्तकात होतं अ‍ॅसिड, टेन्शन, तिखट. मी त्यांचं हुमण, म्हणजे माशाची तिखट आमटी, बंद करायला लावलं, रोज पेज आणि उकडलेली भाजी. दुकानातून चिडून आले की म्हणायची, बाबा, हा रागच तुमचं पोट जाळतोय. रात्री कळ आली की ते अंगणात फेऱ्या मारायचे आणि सकाळी मलाच विचारायचे, "काल मी कोणावर चिडलो होतो गो?" अकरा वर्षं स्वतःचा दोष शोधत राहिले.

2000 साली एका नव्या डॉक्टरने एंडोस्कोपी केली, तुकडा तपासायला पाठवला. हेलिकोबॅक्टर पायलोरी. जंतू! दोन आठवडे अँटिबायोटिक्स आणि अ‍ॅसिड कमी करणारी गोळी, कळ गेली ती गेलीच. मग मी वाचायला बसले. ऑस्ट्रेलियात पर्थला वॉरन आणि मार्शल यांनी 1982 लाच हा जंतू वाढवला होता, एरवी दोन दिवसांनी जंतू वाढवायच्या प्लेटी फेकून द्यायचे, ईस्टरच्या सुट्टीत त्या राहून गेल्या आणि जंतू दिसला. पोटातल्या अ‍ॅसिडमध्ये जंतू टिकूच शकत नाही असं सगळे म्हणत, म्हणून 1984 ला मार्शल स्वतः ते जंतू प्यायला आणि आजारी पडला. नोबेल मिळालं 2005 ला. म्हणजे मी बाबांच्या रागाला बोल लावत होते तेव्हा जंतू सापडून सात वर्षं झाली होती.

बाबांनी एवढंच विचारलं, "म्हणजे माझ्या रागाचं काही नव्हतं?" मी म्हटलं, विज्ञान असंच पुढे जातं बाबा. वर्गातलं वाक्य. ते गप्प बसले. आईने बांगड्याचं हुमण केलं, जिभेची सवय गेलेली, अर्धं ताटात राहिलं.

कधी वाटतं माझी काय चूक, तेव्हा डॉक्टरही तेच सांगायचे. आणि अ‍ॅसिडचं अगदीच खोटं नव्हतं, जंतू असलेल्या सगळ्यांना अल्सर होतही नाही. पण "सध्या असं मानतात" एवढं जरी म्हटलं असतं तर बाबांनी स्वतःला इतकं कोसलं नसतं. लगेच वाटतं, "सध्या" म्हटलं असतं तर त्यांनी पथ्य तरी पाळलं असतं का?

आता वर्गात मी "आत्तापर्यंतच्या पुराव्यावरून" असं म्हणते. गेल्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, पेपरात पण असंच लिहायचं का. मी म्हटलं, पुस्तकात आहे तसं लिही.