काडेपेटीतली राणी

महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला माझ्या सातेरी मधमाश्यांच्या चार पेट्या आहेत. फेब्रुवारीत तपासणी करताना तीन नंबरची राणी माझ्याच हातून दोन फ्रेममध्ये चिरडली. चार-पाच दिवसांनी चार नंबर उघडली, तर पोळ्याच्या खालच्या कडेला नव्या राण्या वाढतात ती राणीघरं लटकलेली, शेंगदाण्याएवढी. तीन नंबरला द्यायला सगळ्यात मोठ्याला सुरी लावणार तोच तात्या म्हणाले, "घराची लांबी काय मोजतोस? आई बघ तिची."

आई म्हणजे काय, तर चार नंबरच्या माश्या झाकण उचललं की अंगावर येतात आणि दरवर्षी त्यांची वाटणी होते, जुनी राणी थवा घेऊन उडून जाते. दोन नंबर शांत. पावसाळ्यात बाकीच्यांना साखरपाणी पाजत होतो, तेव्हाही तिच्याकडे मध शिल्लक होता. तिथेही तीन राणीघरं होती, पण बारकी. राणी उडाल्यावर कुठकुठले नर भेटतील ते आपल्या हातात नाही, निदान आई तरी आपण निवडायची.

म्हणून दोन नंबर निवडली. तिथल्या एका घराचं टोक माश्यांनी मेण खरवडून तपकिरी केलं होतं. कापताकापता त्याचं गोल झाकण उघडलं आणि राणी माझ्या बोटावर. सडपातळ, चपळ, माहीत नसतं तर कामकरी माशी समजून झटकली असती. काडेपेटीत घालून संध्याकाळी तिला थेट तीन नंबरमध्ये सोडली. सकाळी फळीवर मेलेली. चूक सरळ होती: त्या पेटीने पोळ्याच्या मधोमध स्वतःची पाच राणीघरं धरली होती आणि मी ती मोडलीच नव्हती. असल्या घरात परकी राणी कोण ठेवून घेणार?

पाचही मोडली. दुसऱ्या दिवशी दोन नंबरमधलं आणखी एक घर पोळ्याच्या तुकड्यासकट कापलं, न हलवता, टोक खालीच ठेवून, आणि तीन नंबरच्या पिल्लांजवळ दोन फ्रेममध्ये बसवलं. तिसरं दोन नंबरलाच राहू दिलं. तीन दिवसांनी बघितलं तर टोकाचं झाकण बिजागरीसारखं लोंबत होतं. म्हणजे ती स्वतः बाहेर आली होती. कुशीला भोक असतं तर आत मारली गेली असं समजायचं.

आता राणी नरांना भेटून येईपर्यंत पेटी उघडायची नाही. सहाव्या दिवशी, दुपारी तीनला, मला राहवलं नाही, झाकणाला हात घातला. "अरं, ती उडायची वेळ ही!" तात्या ओरडले. परतताना पेटीचं रूप बदललेलं दिसलं की ती चुकते, म्हणून पेटी हलवायचीही नाही. मग रोज लांब बसून राहिलो. एका दुपारी ती दारात उतरली, शेपटाला पांढरा दोरा चिकटलेला, म्हणजे नराला भेटून आलेली.

बाराव्या दिवशी सकाळी खणाखणात एकेक अंडं उभं होतं. तरी तात्या म्हणाले, "टोप्या बघ, मग पेढे दे." नुसती नरांचीच अंडी घालणारी राणी असेल, तर पिल्लांच्या खणांवरच्या मेणाच्या टोप्या फुगीर आणि टोकाला भोक. आठ-दहा दिवसांनी फ्रेम उन्हात धरली.

टोप्या सपाट होत्या.