टोमॅटो शिजवून ठेवताना वर पाणी का तरंगतं?

भाव उतरले की मी टोमॅटो एकदम शिजवून फ्रीजरमध्ये टाकते. सालीवर फुली मारायची, मिनिटभर उकळत्या पाण्यात ठेवायचे, मग गार पाण्यात, साल आपसूक सुटते. जीव नकोसा होतो तो पाण्यापायी. कितीही वेळ आटवा, दुसऱ्या दिवशी डब्यात खाली गर आणि वर पिवळट पाणी!

टोमॅटोत शेकडा 94-95 भाग पाणीच असतं, म्हणजे आटवायला वेळ लागणारच. पण शिजल्यावरही पाणी वेगळं होतं ते चिरण्याच्या पद्धतीमुळे. गर धरून ठेवतं पेक्टिन, म्हणजे टोमॅटोतलाच डिंकासारखा पदार्थ. टोमॅटो चिरला की त्यातली एन्झाइम मोकळी होतात आणि पेक्टिन तोडू लागतात. सगळे चिरून परातीत ठेवले, मग सावकाश मंद आचेवर चढवले, की एन्झाइमना आयतंच फावतं. कोमट असताना ती जोरात असतात, कडकडीत उकळीत निकामी होतात.

म्हणून आधी चार-पाचच टोमॅटो चिरून मोठ्या आचेवर ठेचायचे. रटरटू लागले की पुढचा चिरायचा आणि थेट पातेल्यात. उकळी मोडू द्यायची नाही, त्यामुळे घाईघाईने सगळे ओतू नका. शेवटचा पडला की आच मध्यम करायची. झाकण अजिबात नको. कुकर तर या कामाचा नाहीच, त्यात गर मऊ होतो आणि पाणी जिथल्या तिथे राहतं. भांडं पसरट, जाड बुडाचं, स्टीलचं हवं. कल्हई उडालेल्या पितळेत कळकतं. किलोला एक चमचा मीठ पुरे. निम्म्यावर आलं की तळाला लागायला लागतं, तिथून हलू नका. कालथा तळातून ओढल्यावर मागे भांड्याचा तळ दिसला आणि पाणी लगेच धावत आलं नाही, की झालं.

हो, टोमॅटो लांबट, जाड गराचे घ्या. गावरान चवीला फार सुरेख, पण पाणीदार. ते ताज्या सारासाठी ठेवा. बियांभोवतीचा रस मात्र टाकू नका, चव त्यातच असते.

गार झाल्यावर वाटी-वाटीच्या पिशव्या भरून आडव्या गोठवा, फुगायला थोडी जागा सोडून. फ्रीजमध्ये तीन-चार दिवसच. बरणीत भरून बाहेर ठेवायला माझा ठाम विरोध आहे: टोमॅटोचा आंबटपणा बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू रोखायला दर वेळी पुरत नाही.

वापरताना तूरडाळ, राजमा आधी पूर्ण शिजू द्या, आंबटात दाणा मऊ होत नाही. कांद्याचंही तसंच, परतून मऊ झाल्यावरच टोमॅटो. सारासाठी एका वाटीला दीड वाटी पाणी, गुळाचा खडा, तूप-जिरं-हिंग-कढीपत्त्याची फोडणी. नारळाचं दूध घालायचं तर अगदी शेवटी, आणि त्यानंतर उकळू नका, फाटतं.