लाल माती आणि हरवलेली पॅकेट्स: युगांडाच्या विद्यापीठांत इंटरनेट मोजताना

ऑगस्टमध्ये मी तीन आठवडे युगांडात होते. तिथल्या चार कॅम्पसवर इंटरनेटची तब्येत रात्रंदिवस तपासणारी छोटी यंत्रं बसवायची आणि ती तिथल्याच माणसांच्या हाती सोपवून परत यायचं, एवढंच काम. पुण्यात एका कॉलेजचं नेटवर्क मी बरीच वर्षं सांभाळते आहे, त्यामुळे पहिल्याच दिवशी कानावर आलेली तक्रार ओळखीची वाटली: लिंक मोठी घेतली, पैसे भरले, तरी बाहेरचं काही धड उघडत नाही.

२००९ साली सीकॉमची समुद्राखालची केबल केनियातल्या मोंबासाला येईपर्यंत युगांडाची भिस्त मुख्यतः उपग्रहावर होती. जवळपास ३६,००० किलोमीटर वर जाऊन खाली यायचं, उत्तरालाही तेवढंच, म्हणजे एका फेरीलाच अर्धा सेकंद जायचा. ते दिवस सरले. युगांडाचं शिक्षण आणि संशोधन नेटवर्क, रेनू, २००६मध्ये उभं राहिलं. आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागातली अशी नेटवर्क्स उबुंटूनेट अलायन्समधून एकत्र आली आणि आफ्रिकाकनेक्ट प्रकल्पातून युरोपपर्यंतची जोडणी मिळाली. विद्यापीठाच्या दारापर्यंत फायबर पोचली आहे. दारातून आत वर्गापर्यंत काय होतं, ते मात्र कोणी मोजत नाही.

स्पीड टेस्ट करून बघतात ना, असं कोणीही म्हणेल. त्यातच फसगत आहे. टेस्टचा सर्व्हर राजधानी कंपालातच असतो, फेरीला दोन मिलिसेकंद लागतात. इंटरनेटवर डेटा पॅकेट्स नावाच्या छोट्या तुकड्यांत जातो, आणि त्यांची ने-आण टीसीपी हा नियमसंच सांभाळतो. १९९७ साली मॅथिस या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी एक साधं सूत्र मांडलं: टीसीपीचा वेग फेरीच्या वेळेच्या आणि हरवलेल्या पॅकेट्सच्या प्रमाणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. शंभरातलं एक पॅकेट हरवत असेल, तर कंपालाच्या सर्व्हरशी एका जोडणीला साधारण ५८ एमबीपीएस मिळतात आणि सगळे खूश होतात. तेच २०० मिलिसेकंद लांबच्या युरोपातल्या सर्व्हरशी करा, जेमतेम ०.६ उरतात. लिंक एक जीबीपीएसची असली तरीही! जीवशास्त्राची एक विद्यार्थिनी डेटा उतरवायला पहाटे पाच वाजता लॅबमध्ये येऊन बसायची, कारण तेव्हा वापर कमी असतो. तिला आणखी बँडविड्थ देऊन काही झालं नसतं. हरवणारी पॅकेट्स शोधायला हवी होती.

ती सापडली म्बराराच्या वाटेवरच्या एका कॅम्पसवर. दोन इमारतींमधल्या फायबरचा जोड बाहेरच्या भिंतीवरच्या पत्र्याच्या पेटीत होता, आणि पेटीचं दार कधीचं निखळलेलं. आत सगळीकडे लाल धूळ. रत्नागिरी-मालवणकडच्यांना ही माती सांगायला नको, जांभ्याचीच ती. फायबरच्या टोकाचा एलसी कनेक्टर काढून तपासणीच्या भिंगाखाली धरला, तर मधोमध विटकरी ठिपका. प्रकाश पकडणाऱ्या मॉड्यूलला साधारण उणे १९ डीबीएमपेक्षा (डीबीएम हे प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) कमी प्रकाश पुरत नाही, आणि इथे आकडा उणे २०च्या आसपास घुटमळत होता. लिंकचा दिवा हिरवाच, म्हणून कोणाला शंका आली नव्हती. कनेक्टर पुसायचं क्लीनर पेन दोनदा टक्-टक् केलं, जोड परत बसवला, आणि पॅकेट हरवणं थांबलं. शेजारी उभा असलेला तंत्रज्ञ नुसता स्क्रीनकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "ग्येबालेको." काम करणाऱ्या माणसाला लुगांडा भाषेत असं म्हणतात. आपल्याकडे यासाठी शब्द नाही याचं मला वाईट वाटलं.

दुसरी गोष्ट मुंबईची. कंपाला ते मोंबासा आणि तिथून समुद्रातून मुंबई हे सरळ अंतर सव्वापाच हजार किलोमीटरच्या आसपास. फायबरमध्ये शंभर किलोमीटरच्या जाण्यायेण्याला एक मिलिसेकंद धरला, तर पन्नास-पंचावन्न व्हायला हवेत. केबल वळणं घेते, म्हणून ऐंशी धरा. आमच्या पुण्याच्या सर्व्हरचा ट्रेसराउट, म्हणजे पॅकेटच्या वाटेतल्या थांब्यांची यादी, काढला तर पॅकेट मार्सेय आणि लंडन फिरून मुंबईत येत होतं, फेरी दोनशेच्या वर. सीकॉम खुद्द मुंबईला उतरते, तरी. हा दोष केबलचा नाही, कोणत्या कंपन्या एकमेकांशी कुठे जोडल्या आहेत याचा आहे. आपल्या विद्यापीठांनी आफ्रिकेतल्या विद्यापीठांशी काम करायचं असेल, तर हा प्रश्न आपल्या बाजूनेही धसास लावावा लागेल.

आता जाणाऱ्यांसाठी. पिवळ्या तापाची लस आधी घ्या. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, आणि परतताना ते नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. व्हिसा ऑनलाइन मिळतो. सॉकेट तीन चौकोनी पिनांचं, ब्रिटिश पद्धतीचं. एंटेबे विमानतळ ते कंपाला चाळीसेक किलोमीटर, पण संध्याकाळी हाताशी तीन तास ठेवा. रस्त्यावर चपातीत अंड्याचं ऑम्लेट गुंडाळून देतात, त्याला रोलेक्स म्हणतात. मी रोज खाल्लं.

यंत्र म्हणून मेमरी कार्डवर चालणारा छोटा बोर्ड नेऊ नका. वीज जाते-येते आणि कार्ड महिन्याभरात मरतं. एसएसडी असलेला मिनी पीसी आणि छोटा यूपीएस न्या. पर्फसोनार हे मोजमापाचं सॉफ्टवेअर टाकणार असाल तर व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे दुसऱ्या संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकावर, नको. एकेरी विलंब मोजायला दोन्ही टोकांची घड्याळं तंतोतंत जुळावी लागतात, आणि व्हर्च्युअल मशीनचं घड्याळ सरकतं. घड्याळं जुळवणाऱ्या एनटीपीचं आधी बघा. नोंदी यूटीसीमध्येच, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतच, ठेवा. तिथली वेळ आपल्या अडीच तास मागे, आणि आठवड्यानंतर कोणता आलेख कोणत्या वेळेचा हे कोणाला आठवत नाही.

फायरवॉलवाल्याला जाण्याआधी पत्र लिहा. आयसीएमपी (पिंगसारख्या चाचण्या ज्यावर चालतात ते) बंद असेल तर सगळंच अडतं. माझे दोन दिवस एका सहीपायी गेले. पर्फसोनारला परवानगी मिळेना, तर साध्या पिंगने, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तराची वाट बघण्याने, सुरुवात करा. अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेने १९९५मध्ये सुरू केलेल्या पिंगर प्रकल्पाने दर अर्ध्या तासाला शंभर आणि हजार बाइटची मूठभर पॅकेट्स पाठवून १६०हून अधिक देश वर्षानुवर्षं मोजले. गरीब लिंकवर याचा भार जवळपास शून्य. लिंक पूर्ण भरून बघणारी आयपर्फची भरधाव चाचणी मात्र रात्री, आणि परीक्षेच्या दिवसांत अजिबात नाही.

मोजमाप तीन ठिकाणांशी करा: कॅम्पसचा स्वतःचा गेटवे (नेटवर्कचं बाहेर पडायचं दार), कंपालातलं रेनूचं टोक आणि बाहेर दूर कुठेतरी. घोटाळा कोणत्या टप्प्यात आहे हे तेव्हाच कळतं. कोणाच्या फोनवरून मोजू नका. फेसबुक जानेवारी २०२१ पासून तिथे बंद, म्हणून पुष्कळांच्या फोनवर व्हीपीएन (दुसऱ्या देशातून वळसा घालून नेणारी जोडणी) कायम चालू असतो आणि आकडे भलत्याच देशाचे येतात.

आणि यंत्राचा पासवर्ड तुमच्याकडे नको, तिथल्या माणसाकडे हवा. परतल्यावर दहाव्या दिवशी त्या लाल पेटीवाल्या तंत्रज्ञाचा निरोप आला. वसतिगृहाच्या बाजूच्या जोडावरही पॅकेट्स हरवताना त्याने स्वतः आलेखात पाहिलं, पेटी उघडून जोड साफ केला आणि पेटीला नवं दार बसवून घेतलं. मी ठेवून आलेलं क्लीनर पेन आता संपत आलंय म्हणतो. तिकडे कोणी जाणार असेल तर दोन-चार जास्तीची न्या, एलसी आणि एससी दोन्ही मापांची.