आमची वाटचाल: वहीतली नोंद सुतारापर्यंत

२०१४ मध्ये नाशिकला इंटिरिअरचं काम सुरू केलं तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी आणि आमचे सुतार, ज्यांना आजही सगळे मामाच म्हणतात. अंबडला भाड्याचा गाळा, एक कटिंग मशीन आणि माझी लांबट वही. एका वेळी एकच साइट चालायची. दिवसभर ग्राहकाकडे ऐकलेलं वहीत उतरवायचं आणि संध्याकाळी गाळ्यात मामांना वाचून दाखवायचं, एवढी साधी पद्धत. त्यातून काही निसटत नसे.

पुढे पाच-सहा साइट एकदम चालू राहू लागल्या. कामं ट्रेलोवर, म्हणजे प्रत्येक कामाचं एक कार्ड बोर्डावर लावणाऱ्या ॲपवर आणली; वहीची जागा नोशन या नोंदी ठेवायच्या ॲपने घेतली. काम कुठवर आलं ते ट्रेलोवर, ग्राहक काय म्हणाले ते नोशनमध्ये. रात्री जेवणं आटोपली की मी नोंदी वाचून एकेक कार्ड करायची.

२०२१ ची दिवाळी तोंडावर होती. इंदिरानगरमधल्या एका फ्लॅटचं स्वयंपाकघर चालू होतं. घरातल्या पोळ्या आजी करायच्या, उंची जेमतेम साडेचार फूट. म्हणून ओटा ३० इंचांवर घ्यायचं ठरलं. माझ्या नोंदीत ते स्वच्छ लिहिलेलं होतं, कार्डावर मात्र नेहमीचे ३३ इंच गेले. ग्रॅनाइट बसल्यावर आजी ओट्यापाशी उभ्या राहिल्या, लाटणं धरल्यासारखे दोन्ही हात ठेवले आणि त्यांचे खांदे वर उचलले गेले. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. ओटा आम्ही स्वखर्चाने काढून पुन्हा बसवला. गाळ्यात परत आल्यावर मामा एवढंच म्हणाले, "ताई, तुम्हाला माहीत होतं, तर मला का नाही कळलं?"

हा प्रश्न डोक्यातून जाईना. नोशनमधली नोंद आपोआप ट्रेलोच्या कार्डावर जायला हवी होती. आम्ही कुणी प्रोग्रॅमिंग शिकलेलो नाही. पण त्याच वर्षी मे महिन्यात नोशनने बाहेरच्या सेवांना जोडणीची वाट खुली केली होती, आणि कोड न लिहिता दोन ॲप जोडून देणाऱ्या झॅपिअर, मेक यांसारख्या सेवा होत्याच. आम्ही मेक घेतलं. मूळची प्रागची ही सेवा, आधीचं नाव इंटिग्रोमॅट, २०२२ मध्ये मेक झालं. पडद्यावर एकेका ॲपचे गोल ठेवायचे, रेषेने जोडायचे आणि पहिल्यातला कोणता रकाना दुसऱ्यात कुठे जाणार ते सांगायचं. हे एका दुपारचं काम आहे.

खरे दिवस गेले ते नोंदी सुधारण्यात. मी लांबलचक परिच्छेद लिहायची, आणि त्यातलं ठरलेलं काय, नुसतं बोलणं काय, हे यंत्राला कुठून कळणार? मग नोशनमध्ये तक्ता केला. एका ओळीत एकच ठरलेली गोष्ट. साइट, खोली, काय करायचं, कारण, कुणी, कधीपर्यंत. साइटचं नाव टाइप करायचं नाही, यादीतून निवडायचं, नाहीतर 'गंगापूर रोड' आणि 'गंगापूररोड' या दोन साइट होतात. ओळीची स्थिती 'पक्कं' केली की ट्रेलोवर त्या साइटच्या बोर्डावर कार्ड तयार होतं आणि कार्डाची लिंक त्या ओळीत येऊन बसते.

ही परतीची लिंक पहिल्याच रात्री अंगलट आली. ओळीत बदल झाला की जोडणी जागी व्हावी, अशी मांडणी मीच केली होती. लिंक बसली म्हणजे ओळ बदलली, म्हणून पुन्हा कार्ड, पुन्हा लिंक. दर १५ मिनिटांनी एक. रात्री साडेनऊपासून सकाळी साडेआठपर्यंत एकाच बिजागरीची ४४ कार्डं! मेकच्या फुकट योजनेत तेव्हा महिन्याला १,००० ऑपरेशन्स, म्हणजे जोडणीची पावलं, मिळायची; एका कार्डाला तीन याप्रमाणे त्यातली १३२ एका बिजागरीत गेली. उपाय एका चाळणीचा निघाला: लिंकचा रकाना रिकामा असेल तरच पुढे जा.

तारखांनीही छळलं. वेळ न लिहिता तारीख पाठवली की जागतिक वेळेची मध्यरात्र धरली जायची, म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. मामा दहाला साइटवर पोचायचे तेव्हा त्या दिवसाचं कार्ड मुदत संपून लाल झालेलं असायचं. त्यांना ते फार लागायचं. आता तारखेत साडेतेरा तास मिळवतो, मुदत संध्याकाळी सातची दिसते.

दोन्हीकडून दुरुस्त्या येऊ द्याव्यात, असा आग्रह आमच्यातल्या काहींनी धरला होता. मी ठाम नकार दिला. काय ठरलं ते नोशनमध्येच बदलेल, काम झालं की नाही ते ट्रेलोवरच. कार्ड 'झालं' मध्ये सरकलं की तेवढीच तारीख ओळीत परत येते. आणि 'पक्कं' हा शब्द माणसानेच निवडायचा, तोही ग्राहकाला एकदा वाचून दाखवल्यावर.

'कारण' हा रकाना मी हट्टाने ठेवला आहे. गेल्या महिन्यात पाथर्डी फाट्याच्या साइटवर गेले, तर मामांनी प्लायच्या थप्पीला फोन टेकवून ठेवला होता. कार्डावर लिहिलेलं होतं: 'देव्हाऱ्याचं दार डाव्या हाताने उघडेल असं. आजोबांचा उजवा हात चालत नाही.' मामांनी बिजागऱ्यांची बाजू बदलून घेतली होतीच. वर म्हणाले, "ताई, खालचा खणही डावीकडे घेतो, निरांजन तिथंच ठेवतील ना ते." मी तिथेच उभी राहून तक्त्यात नवी ओळ लिहिली.