सहा जानेवारीचा घोळ

एम.ए.च्या प्रबंधिकेचं पहिलं प्रकरण मॅडमच्या हातात दिलं तेव्हा मी अगदी निर्धास्त होते. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र ‘दर्पण’, ६ जानेवारी १८३२. संपादक बाळशास्त्री जांभेकर, जन्म ६ जानेवारी १८१२, पोंभुर्ले. मॅडमनी जन्मतारखेभोवती पेन्सिलीने गोल केला. “जन्मही सहालाच? बघ जरा.”

बघायचं काय, मी पाच ठिकाणी पडताळलं होतं! घरी येऊन ती पाचही पानं शेजारी शेजारी उघडली. चार ठिकाणी वाक्य शब्दशः तेच, आणि गावाचं नाव ‘पोंबुर्ले’ असं चुकलेलंही तेच. म्हणजे साक्षीदार पाच नव्हतेच. एकाची साक्ष बाकीच्यांनी पाठ केली होती.

मग एका मुक्त ज्ञानकोशातल्या नोंदीचा ‘इतिहास’ आयुष्यात पहिल्यांदा उघडला. जुनी संपादनं एकेक करत मागे गेले. तारीख घातली होती कुणा अनामिकाने, संदर्भाशिवाय. पुढे दुसऱ्याने संदर्भ जोडला, तो पत्रकार दिनाच्या (‘दर्पण’च्या आठवणीत ६ जानेवारीलाच असतो) एका बातमीचा. बातमीची तारीख बघितली तर ती त्या पहिल्या संपादनानंतर दोन वर्षांनी छापलेली! बातमीने बहुधा कोशातून उचललं आणि कोशाने बातमीचाच दाखला दिला. माझा आपला अंदाज असा की, पत्रकार दिनाला बाळशास्त्रींच्या तसबिरीला हार घालता घालता लोक त्यालाच जयंती म्हणायला लागले.

दुसरीकडे जन्मतारीख २० फेब्रुवारी मिळाली. मृत्यूही कुठे १७ मे १८४६, कुठे १८ मे. मराठी विश्वकोशावर माझा भरवसा जास्त, कारण नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. पण त्याचा पहिला खंड १९७६चा, त्यामुळे तिथेही नोंद कधीची ते बघावं लागतंच. केतकरांचा ज्ञानकोश तर १९२०च्या दशकातला. पडद्यावर अक्षरं इतकी कोरी करकरीत दिसतात की मजकूर शंभर वर्षांचा आहे हे विसरायला होतं.

‘दर्पण’ची तारीख तेवढी पक्की, ती अंकावरच छापलेली आहे. जन्माच्या जागी मी नुसतं ‘१८१२’ ठेवलं आणि दोन्ही तारखा, कुठली कुठे सापडली त्यासकट, तळटीपेत घातल्या. तळटीप परिच्छेदापेक्षा लांब झाली. मॅडमनी तिच्याभोवतीही गोल केला. “आटप जरा.”