एक दिवा तीनदा लावला त्याची गोष्ट

डायनिंग टेबलवर लटकणारा दिवा लावायचा हे घर घेतलं तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं, आणि गणपतीच्या आधी लावला एकदाचा. म्हणजे तीनदा लावला.

पहिला दिवा दुकानात बघताक्षणी आवडला, तांब्याच्या रंगाचा, १० इंची, गोंडस अगदी. घरी टांगल्यावर वरणाची वाटी उपडी करून लटकवल्यासारखा दिसायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "बल्ब दिसतोय गं, पण दिवा कुठाय?" दुकानात तो बिचारा चाळीस दिव्यांच्या गर्दीत होता, खाली टेबल वगैरे काही नाही, मग साइजचा अंदाज येणार कसा? हिशोब खरं तर सोपा आहे, टेबलाच्या रुंदीच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत दिव्याचा व्यास. रुंदीच्या हां, लांबीच्या नाही, मी आधी लांबीच धरत होते. आमचं टेबल ५ बाय ३ फूट, म्हणजे रुंदी ३६ इंच, म्हणजे दिवा १८ ते २४ इंच. २४ घेतला तरी दोन्ही बाजूंना ६-६ इंच टेबल उरतं, त्यामुळे वाढायला वाकलेल्या माणसाचं डोकं आपटत नाही. आम्ही १८ चा आणला. (खोलीची लांबी अधिक रुंदी फुटात, तेवढे इंच झुंबर, असाही एक नियम आहे, १० बाय १२ च्या खोलीला २२ इंच. पण आपल्याकडे खोलीच्या मधोमध पंखा असतो, झुंबर लावणार कुठे?)

आता उंची. इलेक्ट्रिशियन शिडीवर चढून विचारतो, "ताई, छतापासून किती सोडू?" आणि मी ठोकून दिलं, दीड फूट. त्याने तेवढी ठेवून बाकीची वायर कटकन कापली पण! संध्याकाळी जेवायला बसलो तर शेडच्या आतला बल्ब समोरून थेट डोळ्यात, आणि उजेड सगळ्या खोलीभर, ताटात मात्र काही खास नाही.

चूक त्या प्रश्नातच आहे. छतापासून मोजायचंच नाही, टेबलापासून वर मोजायचं. टेबलाचा पृष्ठभाग ते दिव्याची खालची कड, ३० ते ३६ इंच. आमचं पीओपीचं खोटं छत ८ फूट ९ इंचावर, म्हणजे १०५ इंच, टेबल ३० इंच उंच, वर ३२ सोडले की ६२, म्हणजे छतापासून ४३ इंच खाली यायला हवा होता आणि मी १८ वर टांगून बसले होते.

हे ३२ कुठून आले, तर माळ्यावरून गेल्या दिवाळीचा आकाशकंदील काढला, साधारण दिव्याएवढाच मोठा होता, सुतळीने वरून सोडला, आणि मी नि नवरा समोरासमोर बसलो. सासूबाई सुतळी ओढायच्या, सोडायच्या. त्याचा चेहरा पूर्ण दिसला पाहिजे आणि कंदिलाच्या आतलं काही दिसायला नको, जिथे हे दोन्ही जमलं तिथे पेन्सिलने खूण करून टेपने मोजलं. आधी हेच केलं असतं तर नवीन वायरचे पैसे वाचले असते, कारण अधांतरी लटकत्या वायरला जॉइंट मारणं दिसायलाही वाईट आणि धोक्याचंही, आख्खी वायरच बदलावी लागली. तेव्हा वायर कापू देऊ नका, जास्तीची वर छताला लागणाऱ्या दिव्याच्या टोपीत गुंडाळून ठेवायला सांगा, टेबल बदललं तर परत लागते.

आणि काचेचा जड दिवा असेल तर पीओपीच्या भरवशावर अजिबात सोडू नका, फास्टनर, म्हणजे दिवा पेलणारा बोल्ट, वर स्लॅबमध्येच गेला पाहिजे. पॅसेजमध्ये जिथून माणसं चालत जातात तिथे दिव्याखाली ७ फूट मोकळे हवेत, म्हणजे आमच्यासारख्या छताला तिथे दिव्याला शेडसकट पावणेदोन फूटच उरतात, त्यापेक्षा छताला चिकटलेला लावा.

बल्ब मी वॉर्म व्हाइट, २७०० केल्विनचा लावला (हा उजेडाच्या रंगाचा आकडा, जितका कमी तितका पिवळसर), त्यात आमटी आमटीसारखी दिसते. ६५०० वाल्या पांढऱ्याफटक उजेडात सगळं जेवण आजारी माणसाचं वाटतं.

एक मात्र राहिलंच. पंखा चारवर केला की दिवा डुलतो आणि ताटांच्या सावल्या टेबलभर नाचतात. वायरऐवजी रॉडचा घ्यायला हवा होता हे आता कळतंय. सध्या दोनवर ठेवून जेवतो, एप्रिलमध्ये काय करायचं ते बघू.